पट्टी पुन्हा काढ

बेटा,

रात्री पावणेदोनला पाठवलेला ईसीजीच्या पट्टीचा फोटो मी सकाळी पाहिला. म्हातारपणी झोप लागत नाही म्हणतात, माझी नेमकी कालच लागली. खाली तू लिहिलं होतंस, ‘मशीन नॉर्मल म्हणतंय, वरचे डॉक्टर फोनवर म्हणाले एसटी वर गेलेला नाही, सकाळी बघू. पण माणूस घामाने भिजलाय. मी उगाच घाबरतेय का सर?’ साडेचारला दुसरी पट्टी काढलीस तेव्हा एसटी, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरचा रेघेचा तुकडा, ढळढळीत वर होता, झटक्याची खूण. इंजेक्शन दिलंस, १०८ मधून नागपूरला धाडलंस, तो जगला. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस तरी होतंय.

मला एकच सांग. पावणेदोन ते साडेचार पट्टी का काढली नाहीस?

घाबरणं सोड, ते चालतं. छाती दुखतेय आणि पहिल्या पट्टीत समाधान नाही, तर १५ मिनिटांनी दुसरी काढायची. दुखणं थांबेपर्यंत किंवा उत्तर मिळेपर्यंत काढत राहायचं. रक्तवाहिनी एका क्षणात कायमची बंद होत नाही. गुठळी बसते, थोडी सुटते, पुन्हा बसते. एक पट्टी म्हणजे दहा सेकंद. दहा सेकंदांवरून अख्ख्या रात्रीचा निकाल द्यायचा?

तुझा तो फोटो पुन्हा उघड. तीन आणि एव्हीएफ या खालच्या भिंतीकडे बघणाऱ्या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक दिशा) एसटी जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आहे, नियमात बसत नाही, कबूल. आता वरून डावीकडून बघणारा एव्हीएल बघ. तिथे एसटी खाली झुकलाय, टी, म्हणजे त्यापुढची लाट, उलटा आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पुष्कळदा आधी एव्हीएलमध्ये चुगली करतो. अशा वेळी जिभेखाली सॉर्बिट्रेट, ती रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवण्याआधी छातीच्या उजव्या बाजूला व्ही-४-आर हा लीड काढायचा. हृदयाचा उजवा कप्पा झटक्यात सापडला असेल तर त्या गोळीने बीपी कोसळतं. आणि मशीनने वर काय छापलंय ते दुमडून टाक, वाचूच नकोस.

नियम काय, सलग दोन लीडमध्ये १ मिलिमीटर. छातीवरच्या व्ही-२, व्ही-३ मध्ये चाळिशीपुढच्या पुरुषाला २, बाईला दीड. (आपल्याकडे एसटी म्हटलं की लोकांना लाल डबा आठवतो, आणि तोही कधी वेळेवर येत नाही.) पण खरा प्रश्न मिलिमीटरचा नाही, वाहिनी बंद आहे का, हा आहे. १९८० साली अमेरिकेतल्या डॉ. डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी केलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची वाहिनी पूर्ण बंद सापडली. २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात, एसटी वर न गेलेल्या झटक्यांमध्येही साधारण चारांत एकाची वाहिनी पूर्ण बंद होती. हे चौथे लोक मिलिमीटर मोजणाऱ्याच्या हातून सुटतात.

नागपुरात कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, जिन्याखाली असते, तिथल्यांना थांबणं परवडतं. आपल्या यवतमाळच्या आडवळणाच्या तालुक्यातून तिथे पोचायला तीन तास, पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर सोडूनच दे. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध आपल्यालाच द्यायचं, आणि ते द्यायचं की नाही हे पट्टी सांगते. मग पुन्हा काढ. कागद संपला तर माझ्याकडून घेऊन जा.

कागदावरून आठवलं. १९९४, कापसाचा हंगाम. जिनिंगमधला एक हमाल आला, ‘साहेब, छातीवर कोणी बसल्यावानी वाटते जी’ म्हणत. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली. मी केसपेपरवर ‘इस्केमिया’, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय, एवढंच लिहिलं, गोळी दिली, पलंगावर टाकलं. तो मागच्या भिंतीचा झटका होता. समोरून खाली दिसतं ते मागून वर असतं. डाव्या खवाट्याखाली तीन लीड लावले असते तर अर्ध्या मिलिमीटरवरही कळलं असतं. लावले नाहीत. दुसरी पट्टीही काढली नाही, कारण स्टोअरकीपर रोलचा हिशेब मागायचा आणि महिन्याला दोनच रोल मिळायचे. पहाटे गेला.

तेव्हा मला मागचे लीड कोणी शिकवले नव्हते. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज तालुक्यात नव्हतंच, म्हणजे कळून तरी मी काय केलं असतं? गाडी नव्हती, लाइट नव्हती. हे सगळं खरं आहे. तीस वर्षं मी हेच स्वतःला सांगतोय, आणि दर वेळी पुढे एकच येतं, रोलमध्ये कागद शिल्लक होता.

फोनवरच्या डॉक्टरांशी वाद घालत बसू नकोस. ‘दुखणं चालू आहे, ही दुसरी पट्टी, ही तिसरी’ असं म्हणून एकामागोमाग फोटो पाठव. चिडले तर चिडू दे. माझ्यावरही चिडायचे, मी गप्प बसायचो, त्याला मी नम्रता म्हणायचो.

त्या माणसाच्या दोन्ही पट्ट्यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेव, एक संच मला पाठव. थर्मल कागद आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही.

तुझा,
सर