जर्मनीला जाऊन मी ‘मी’च राहीन का, असं विचारणाऱ्या नाशिककराला

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सातपूरची नोकरी सोडून स्टुटगार्टजवळ ऑफर, ब्लू कार्डची (तिकडे नोकरी करून राहायच्या परवान्याची) फाइल गेलेली, पगार, टॅक्स, घर, थंडी सगळ्यावर लोकांनी सल्ले देऊन झालेत, पण तुझी खरी भीती वेगळीच आहे. आत्याचा मुलगा अमेरिकेला गेला आणि चार वर्षांनी आला तो म्हणे ‘पार वेगळाच माणूस’, घरात कोणाशी धड बोलेना. तर ताई, माझं असं होऊ नये म्हणून काय करू, पाच वर्षांत परत यायचंच आहे, तोपर्यंत स्वतःला टिकवू कसं.

मी पंचवटीतली, इकडे जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली, तर ताईसारखंच सांगते. टिकवता येणार नाही. आणि यात जर्मनीचा दोष नाही. तू सिडकोतच राहिलास, लग्न झालं, पोरं झाली, वडिलांची दिंडोरीची द्राक्षं बघायला लागलास, तरी दहा वर्षांनी आजचा तू कुठे सापडणार आहेस? फरक एवढाच की गावात राहणाऱ्याचं बदलणं हप्त्याहप्त्याने जातं, कोणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि बाहेर गेलेल्याचं एकरकमी समोर येतं. आत्याच्या मुलाला तुम्ही चार वर्षांनी एकदम बघितलंत. त्यानेही तुम्हाला चार वर्षांनीच बघितलं ना, मग तुम्ही सगळे त्याला कसे वाटलात हे कोणी विचारलं का त्याला? माझा अंदाज, नाही. त्याच्या डोक्यात जे घर होतं ते बहुतेक तिथे नव्हतंच, आणि हे आईबापाला तोंडावर कसं सांगणार, म्हणून गप्प बसला असेल.

आता तुझं ‘पाच वर्षांत परत यायचंच’. यावर एक अभ्यास आहे, 2013 साली ‘सायन्स’ या जर्नलमधे आला होता, क्वाइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन अशा तिघांचा. 18 ते 68 वयाच्या 19,000 पेक्षा जास्त लोकांना विचारलं, काहींना मागच्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, आवडीनिवडी, महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी किती बदलल्या ते, आणि काहींना पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील ते. विशीतला असो की साठीतला, सूर तोच, मागे बरंच बदललो पण पुढे फारसं काही नाही, आता जो आहे तो फायनल. म्हणजे प्रत्येकाला वाटतं आपली गाडी नेमकी आजच शेवटच्या स्टॉपला लागली. तूही तेच करतोयस. परत यायचं की नाही हे जो ठरवणार आहे त्या माणसाला तू अजून भेटलेला नाहीस, तेव्हा त्याच्या नावाने आत्ताच सह्या करू नकोस. हे मी तत्त्वज्ञान म्हणून नाही सांगत, पैशाचं सांगतेय. पाथर्डी फाट्याला ‘परत आल्यावर राहायला’ म्हणून वीस वर्षांच्या लोनवर फ्लॅट घेऊन इकडे येणारी पोरं मी बघते, मग तो फ्लॅट ठरवतो परत जायचं की नाही, माणूस नाही.

इकडे आल्यावर नक्की काय काय हलतं ते सांगते, म्हणजे हलेल तेव्हा घाबरणार नाहीस.

पहिलं नाव. आपण पासपोर्टला गिव्हन नेममधे स्वतःचं आणि वडिलांचं नाव सलग टाकतो, इकडे ती दोन्ही मिळून तुझंच पहिलं नाव म्हणून नोंदवली जातात, त्यामुळे तुझ्या अर्ध्या पत्रांवर वडीलही असतात. आणि तोंडी हाक मात्र नुसती आडनावाने, हेर अमुक, फ्राऊ तमुक, म्हणजे मिस्टर अमुक, मिसेस तमुक. मला नाशकात आयुष्यात कोणी नुसत्या आडनावाने हाक मारली नव्हती, इकडे डॉक्टरकडे बसलेले असताना ते नाव पुकारलं की मी आधी आजूबाजूला बघायचे. आता पटकन उठते. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, आनमेल्डुंग म्हणतात, त्या फॉर्ममधे धर्मही विचारतात. दचकू नकोस, ते चर्च टॅक्ससाठी असतं, चर्चचे जे रीतसर सदस्य आहेत त्यांचा इन्कम टॅक्सच्या वर 8 किंवा 9 टक्के कापतात, तुझ्या स्टुटगार्टच्या राज्यात 8. तुझा काही कापणार नाहीत.

दुसरं, तू कोण हे समोरचा ठरवतो. सिडकोत तू अमक्याचा मुलगा, पुण्यात गेलास की नाशिककर, बंगलोरला महाराष्ट्रीयन, आणि इकडे ट्रेनमधे नुसता इंडियन, त्यातही ‘योगा करतोस का’ वाला इंडियन. लाहोरचा टॅक्सीवाला भेटला की दोघं मिळून देसी. यातलं एकही खोटं नाही आणि एकही पूर्ण नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते कारण हे कोणी सांगत नाही, लोकांना वाटतं विमानात बसलं की जात मागे राहते. मराठी लोकांच्या गणपतीला गेलास की पहिल्या पाच मिनिटांत ‘पूर्ण नाव काय, मूळचे कुठले’ हे येणारच, आणि विचारणारा का विचारतोय हे तुलाही कळेल आणि त्यालाही. सगळे तसे नसतात. पण असतात.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, भाषा. तू मराठीत चटपटीत आहेस हे तुझ्या मेसेजवरूनच कळतं. बी1, म्हणजे मधल्या लेव्हलच्या जर्मनमधे तू एक अत्यंत सज्जन, थोडा मंद, विनोद न कळणारा माणूस असशील. लंच टेबलवर सगळे हसतात, तुला जोक कळेपर्यंत विषय फुटबॉलवर गेलेला असतो. दीडदोन वर्षं हाच माणूस घेऊन ऑफिसला जायचं असतं, आणि घरी येऊन व्हॉट्सॅपवर मित्रांशी बोलताना जुना तू तोंड वर काढतो, मग वाटायला लागतं की खरा मी फोनमधे आहे आणि ऑफिसला जातो तो कोणीतरी डुप्लिकेट. इथेच माणसं अडकतात. तो डुप्लिकेट नसतो रे, तो पण तूच, फक्त नवीन आहे, त्याला वेळ दे. आणि गंमत म्हणजे त्या मंद माणसाचे काही गुण नंतर राहतात. मी मराठीत समोरच्याचं वाक्य तोडून बोलणारी बाई होते, जर्मनमधे क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी येतं त्यामुळे शेवटपर्यंत ऐकावंच लागतं, आता मराठीतही ऐकून घेते. आई म्हणते परक्यासारखी वागतेस. सासू म्हणते सुधारली.

तू म्हणशील हे सगळं ठीक, पण आत काहीतरी एक पक्कं असेलच ना. बघ, याचं उत्तर आपल्या पांडवलेण्यात आहे, सुट्टीच्या दिवशी चढून जातोसच ना तिथे. आधी ते नावच बघ, पांडवांचा संबंध नाही, ती बौद्ध लेणी, शिलालेखात डोंगराचं नाव त्रिरश्मी, आणि आपण नाशिककर ऐटीत पांडवलेणी म्हणतो. तिथल्या 17 नंबरच्या लेण्यात एक दान दिल्याचा लेख आहे. देणारा स्वतःबद्दल सांगतो, मी इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, योणक, म्हणजे यवन (ग्रीक), उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा. सोबत मुलाचंही नाव आहे, धर्मरक्षित. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. बापाचं नाव आपल्याकडचं, स्वतःचं आपल्याकडचं, पोराचं आपल्याकडचं, दान भिक्षुसंघाला, भाषा प्राकृत, तरी दगडात कोरून घेताना ‘मी यवन, मी उत्तरेचा’ हे सांगायला विसरला नाही. तो ग्रीक राहिला की भारतीय झाला? त्याला हा प्रश्न पडलेलाच दिसत नाही, त्याने दोन्ही एकाच ओळीत कोरलं.

त्याच परंपरेतली मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूची गोष्ट तुला माहीत असेल. मिलिंदही यवनच, मिनँडर नावाचा ग्रीक राजा. नागसेन त्याला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय, चाकं? आस? जू? एकेक भाग घेऊन विचारतो, राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग या सगळ्याच्या बाहेर कुठे रथ आहे का? तेही नाही. तरी रथ आहे, त्यात बसून तू आलास. ‘नागसेन’ हे पण तसंच, सगळे भाग जमून आले की वापरायचं नाव. मला इकडे आल्यावर हे पटलं कारण माझे भाग एकेक करून बदलताना मीच बघितले, आधी जेवायची वेळ, मग घरातल्या बोलण्याचा आवाज (रविवारी इकडे दुकानं बंद आणि मिक्सर लावायलाही लोक कचरतात), मग कशाची लाज वाटते ते, मग कशाचा राग येतो ते. आणि ‘सात वर्षांत सगळं शरीर नवीन होतं’ असं लोक फॉरवर्ड करतात ना, ते तेवढं खरं नाही, रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवसांत बदलतात पण मेंदूतल्या बहुतेक मज्जापेशी (न्यूरॉन) जन्मभर त्याच राहतात. म्हणजे काही भाग जुनाच राहतो. पण त्यावर ‘हाच मी’ असं लिहिलेलं नसतं.

तुझ्या सातपूरचंच घे. मायको कंपनीचं नाव 2008 साली बॉश लिमिटेड झालं, आणि बॉश 1886 साली सुरू झाली कुठे, तू चाललायस त्या स्टुटगार्टला. कागदावर मायको संपली, पण नाशकात मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे.

बदल ठरवून करणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यातही आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण सगळ्यात मोठं. 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दार उघडलं नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरला धम्मदीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, म्हणजे 21 वर्षांनी. मधली सगळी वर्षं अभ्यास, विचार, लोकांना सोबत घेणं. काय सोडायचं ते ज्याला इतकं स्पष्ट माहीत होतं त्यानेही काय व्हायचं याला एवढा वेळ दिला. तुझ्यामाझ्या नोकरीच्या स्थलांतराची त्याच्याशी बरोबरी नाही, पण कोणी विमानतळावर ‘तिकडे जाऊन बदलू नको हं’ म्हणालं की मला येवलं आठवतं. बदलणं म्हणजे बिघडणं हे आपल्याला कोणी शिकवलं?

आता कायद्याचं, कारण स्वतःला मोकळं ठेवायचं तर हे माहीत पाहिजे. ब्लू कार्डवर कायमचा राहायचा परवाना ए1, म्हणजे अगदी सुरुवातीचं जर्मन असेल तर 27 महिन्यांनी आणि बी1 असेल तर 21 महिन्यांनी मागता येतो. ब्लू कार्डवरून तो मिळाला असेल तर तू साधारण सलग 12 महिने बाहेर राहू शकतोस, बाकीच्यांना सहाच महिने. म्हणजे नाशकात येऊन वर्षभर राहून बघायची सोय आहे, परत जमतंय का ते, आणि ही सोय फार लोक वापरत नाहीत. नागरिकत्व साधारण पाच वर्षांनी मागता येतं, जून 2024 पासून जर्मनीला दुहेरी चालतं, पण भारताला चालत नाही, ते घेतलंस की भारतीय नागरिकत्व आपोआप गेलं. मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर ये-जा मोकळी, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. तुझ्या घरी दिंडोरीची शेती आहे, तेव्हा वडिलांशी हे आत्ताच बोल, सही करायच्या वेळी नको. भारतीय पासपोर्ट आहे तोवर परदेशातून 6अ फॉर्म भरून मतदार राहता येतं, मत द्यायला मात्र गावी यावं लागतं.

बाकी मी करते ते सांगते, पटलं तर घे. दर आठवड्याला एक तरी माणूस असा पाहिजे ज्याच्याशी तू नोकरी-व्हिसा सोडून मराठीत बोलतोस, आणि एक असा ज्याच्याशी फक्त जर्मनमधे. दोघांपैकी एक बाजू बंद झाली की माणूस कडू होतो, मी दोन्हीकडचे कडू बघितलेत. जुन्या मित्रांना ‘नाशिक कसंय’ विचारू नकोस, ‘तू कसा आहेस’ विचार, तेही बदलतायत. घरी आलास की आई बारावीत आवडायचं तेच करून वाढेल, खा, पण आता काय आवडतं तेही सांग, नाहीतर ती कायम त्या पोरालाच वाढत राहील.

ए2 नाशकातच करून ये, नोकरीबरोबर इकडे क्लास जमत नाही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यात नीट आहे का बघ, ते इथे येऊन दुरुस्त करणं म्हणजे ताप. आणि आईला ‘पाच वर्षांत येतो’ असं सांगू नकोस, दर वर्षी कधी येणार ते सांग. दिवाळीला तिकिटं अंगावर येतात, रंगपंचमीला बहुतेक परवडतात, रहाडी (रंगाचे जुने हौद) पण उघडलेल्या असतात. सोबत एखादा जर्मन मित्र आणलास तर त्याला पांढरे कपडे घालू देऊ नकोस, तो रंग धुऊन निघत नाही.