प्रवाळांच्या डिजिटल ट्विनची चाचणी कशी घ्यावी? ९४ टक्के अचूकता पुरेशी आहे का?

लक्षद्वीपच्या प्रवाळांसाठी तुम्ही डिजिटल ट्विन, म्हणजे खऱ्या प्रवाळांची डेटावर चालणारी संगणकातली प्रतिकृती, उभं केलंय, ८० टक्के डेटा शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला असा वाटून ९४ टक्के मिळाले आणि एवढ्यावर भागेल का, असं विचारताय. नाही भागणार. कुठला दिवस कुठल्या वाट्यात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं असेल, तर तो आकडा कुणाला दाखवूही नका. समुद्राचं आजचं तापमान कालच्याच आसपास असतं. मंगळवार शिकवून बुधवारची परीक्षा घेतली तर मॉडेल पास होणारच. शिवाय ब्लीचिंगचे, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याचे, दिवस मोजकेच. रोज 'सगळं ठीक' म्हणणारं मॉडेलही भरपूर मार्क मिळवतं.

याच मुद्द्यावर आमच्या प्रकल्पप्रमुखांशी माझं चांगलंच वाजलं होतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला मोठं ब्लीचिंग झालं, तिन्ही वेळा एल निनो. मी म्हणत होते, २०१६ अख्खं बाजूला ठेवा, आधीची दोन दाखवा आणि तिसरं ओळखता येतं का बघा. सर म्हणाले, "सगळ्यात चांगला डेटा त्याच वर्षाचा. तोच काढला तर शिकवायचं काय?" अहो, म्हणूनच तर काढायचा! ज्या उन्हाळ्यासाठी एवढा खटाटोप, तोच मॉडेलने आधी पाहिलेला असेल तर चाचणी कसली? शेवटी मीच ते साल वगळून मॉडेल चालवलं. एरवी सुरेख चालणारं मॉडेल ऐन मे महिन्यात आलबेल सांगत होतं. डिग्री हीटिंग वीक्सची (पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या किती अंश वर आणि किती आठवडे राहिलं, याची) साधी बेरीज, जी वहीत करता येते, ती तोवर इशारा देऊन मोकळी झाली होती. सरांनी तो आलेख अहवालात घेतला नाही. मी अहवालावरून माझं नाव काढायला लावलं, आणि ते बरोबरच केलं असं आजही वाटतं.

तेव्हा पहिली तुलना त्या बेरजेशी करा. तिच्यापेक्षा सरस नसेल तर ट्विनचा खर्च कशाला? दुसरं, मधेच डेटा बंद करून बघा. पाण्यातल्या सेन्सरवर शेवाळ आणि बार्नॅकलसारखे चिकटून बसणारे कवचधारी जीव चढतात, पावसाळी ढगांआडचं इन्फ्रारेड उपग्रहाला दिसत नाही. अशा वेळी ट्विन किती दिवसांत भरकटतं, ते कळलंच पाहिजे.

एक मात्र मान्य करते. प्रत्येक ब्लीचिंगमध्ये फांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा आधी मरतात आणि पोराइट्ससारखे चिवट उरतात. म्हणजे तेवढ्याच उष्णतेत पुढच्या वेळी मरतूक वेगळी होणार, आणि २०१६ चुकलं तर सगळा दोष गणिताचा नसेलही. म्हणून कुठली जात किती उरली, हे ट्विनमध्ये हवंच. आणि हेच मॉडेल उचलून मालवणला लावू नका. तिथल्या गढूळ पाण्याचा हिशेब वेगळा आहे.

२०२४ चं ब्लीचिंग तुमच्या हाताशी आहे, आमच्याकडे ते नव्हतं. तुमच्याकडचे कुणी सर ते शिकवणीच्या डेटात टाकायच्या आत कुलपात ठेवा, आणि किल्ली मॉडेल न बनवणाऱ्या माणसाकडे द्या.