डिपॉझिट भरण्याआधी

ताई,
मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, वय २२. बायॉलॉजीची डिग्री झाली. जीपीए (४ पैकी) ३.६५, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५०३. गेल्या सप्टेंबरमध्ये १८ मेडिकल कॉलेजांना अर्ज केले, एकाही ठिकाणाहून इंटरव्ह्यू आला नाही. आता एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, खर्च ६०,००० डॉलर. बाबा म्हणतात, घरी रिकामी बसण्यापेक्षा हे कर. पैसे ते रिटायरमेंटच्या पुंजीतून देतील. डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजांना अर्ज केले नाहीत, कारण बाबांच्या मते ते खरे डॉक्टर नव्हेत. महिनाअखेरीला डिपॉझिट भरायचंय. काय करू?
– द्विधा

द्विधा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आकडे सगळे दिलेस, पण मास्टर्स कशात आहे, ते मात्र लिहिलं नाहीस. म्हणून सरळच सांगते: डिपॉझिट भरू नकोस.

एम.डी. (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८च्या आसपास असतो आणि एमकॅट ५११-५१२. जीपीएत तू थोडीशीच मागे आहेस, एमकॅटमध्ये चांगली आठ-नऊ गुणांनी. मेडिकलच्या तयारीची अशी एक वर्षाची मास्टर्स असतात ती मुख्यतः ज्यांचे कॉलेजातले मार्क घसरलेत त्यांच्यासाठी. त्यातही, अर्जात मास्टर्सचा जीपीए वेगळ्या रकान्यात जातो, तुझा ३.६५ त्यानं ३.७ होत नाही. दुखणं गुडघ्याचं आणि प्लास्टर मनगटाला, असं होईल. जीपीए ३.१ असता तर मी हेच पत्र उलटं लिहिलं असतं. शिवाय अशा काही कोर्सेसमध्ये मेडिकलच्या मुलांबरोबर त्यांचेच पेपर द्यावे लागतात. तिथे बी ग्रेड मिळाली, तर आजचा बरा अर्ज उद्या वाईट होतो.

दुसरं म्हणजे सप्टेंबर. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे बघतात आणि इंटरव्ह्यू देत जातात. जूनमध्ये सुरू झालेल्या रांगेत तू सप्टेंबरात उभी राहिलीस. हे तुला कुणी सांगितलं नाही, याचा मला रागच आला.

आणि पेशंट? पत्रात ते कुठेच नाहीत. स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी) म्हणून, ईएमटी (अॅम्ब्युलन्सवरची प्रथमोपचारक) म्हणून, एखाद्या नर्सिंग होममध्ये, कुठेही काम केलं असशील तर अर्जात ते नीट आलंय का बघ. नसेल केलं, तर हे वर्ष त्यासाठीच आहे. यंदाची फेरी सोड. जानेवारीत एमकॅट पुन्हा दे (सराव परीक्षेत ५१० दिसू लागल्यावरच, नाहीतर तारीख पुढे ढकल) आणि पुढच्या वर्षी अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ दे.

आता बाबा. सांगली-साताऱ्याकडे मुलगी बारावीनंतर 'नीट' परीक्षा देऊन थेट एमबीबीएसला जाते, त्यामुळे बावीस वर्षांची मुलगी 'काहीच करत नाही' हे त्यांना आजीला फोनवर सांगता येत नसेल. मला ते कळतं. पण अमेरिकेत मेडिकलला जाणारी निम्म्याहून अधिक मुलं कॉलेजनंतर मध्ये किमान एक वर्ष थांबतात. ते त्यांना दाखव. आणि पैशांचं बोल. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. खाजगी कॉलेजाचा चार वर्षांचा खर्च त्यात बसणं अवघड. बाबांना पुंजी मोडायचीच असेल, तर ती खरी गरज तेव्हा पडेल.

डी.ओ.बद्दल मात्र बाबा चुकताहेत. डी.ओ. डॉक्टरांना पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो, ते शस्त्रक्रिया करतात, औषधं लिहून देतात, आणि २०२०पासून एम.डी. आणि डी.ओ. एकाच रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) व्यवस्थेत आहेत. तिथे प्रवेश घेणाऱ्यांचा सरासरी एमकॅट तुझ्या आजच्या गुणांच्या जवळपास असतो. १८ अर्जांत तिथला एकही नव्हता, हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. (आपल्याकडे एम.डी. म्हणजे एमबीबीएसनंतरची पदवी, हाही घोळ बाबांच्या डोक्यात असेल.)

डिपॉझिटच्या तारखेआधी एक कर. नकार दिलेल्या अठराही कॉलेजांना दोन ओळींची मेल टाक: 'माझ्या अर्जात काय कमी पडलं?' सगळी उत्तर देत नाहीत, काही देतात. त्यातल्या दोघा-तिघांनी 'तुझे विज्ञानाचे मार्क कमी आहेत' असं लिहिलं, तर मला पुन्हा पत्र पाठव. तेव्हा मास्टर्सचा विचार करू.

– ताई