ईसीएचएलचं बोलावणं आलंय, मुलाला जाऊ द्यावं का?

ताई, मुलगा मिशिगनमध्ये कॉलेजकडून आइस हॉकी खेळतो, शेवटचं वर्ष आहे, ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या संघांच्या वार्षिक निवडीत, नाव आलं नाही आणि आता ईसीएचएलच्या, म्हणजे व्यावसायिक हॉकीतल्या तिसऱ्या पायरीच्या लीगच्या, एका संघाने बोलावलंय, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मिस्टरांना वाटतं शिक्षण पाण्यात गेलं, मुलाला वाटतं एनएचएलचं, सगळ्यांत वरच्या लीगचं, दार उघडलं. मी पेनसिल्व्हेनियात रीडिंगजवळ राहतो. इथे 2001 पासून ईसीएचएलचा संघ आहे, आणि टॅक्सची कामं करत असल्यामुळे या खेळाडूंचे कागद दर वर्षी माझ्या टेबलावर येतात. माझं मत विचाराल तर जाऊ द्या. फक्त एनएचएलच्या वाटेला लावतोय अशा समजुतीने पाठवू नका. ही चार-दोन वर्षांची नोकरी आहे आणि तिचा हिशेब नोकरीसारखाच मांडायला हवा.

आधी पायऱ्या समजून घ्या. आमच्या भागात त्या नकाशावरच दिसतात. रीडिंगचा संघ ईसीएचएलमध्ये, अ‍ॅलनटाऊनचा एएचएलमध्ये, म्हणजे मधल्या पायरीच्या लीगमध्ये, आणि फिलाडेल्फियाचा एनएचएलमध्ये, तिन्ही एकाच साखळीत. एका गावाहून दुसऱ्या गावी गाडीने तास-सव्वा तास. पण 2023 ते 2026 या काळात एनएचएलमधला किमान पगार वर्षाला 7,75,000 डॉलर होता. एएचएलमध्ये किमान पगार पन्नास हजारांच्या थोडा वर. आणि ईसीएचएलच्या नवख्याला 2024च्या आसपास आठवड्याला पाचशे डॉलरहून थोडे जास्त मिळायचे, तेही फक्त हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल. सगळा हंगाम धरला तरी तेरा-चौदा हजार. राहायची सोय संघ करतो, बहुधा दोघा-तिघांत एक फ्लॅट, म्हणून माणूस तगतो. मागे काही पडत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना तिथे गेल्यावरच कळते. ईसीएचएलच्या ड्रेसिंग रूममध्ये शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांचे करार सारखे नसतात. एक एएचएल किंवा एनएचएलच्या करारावर असतो आणि त्याला सराव मिळावा म्हणून खाली पाठवलेलं असतं. दुसरा ईसीएचएलच्याच करारावर असतो. पहिल्याचा पगार दुसऱ्याच्या कितीतरी पट. शिवाय वरच्या क्लबने ज्याच्यावर पैसा लावलाय त्याला बर्फावर उतरवावंच लागतं, गोलकीपरच्या बाबतीत तर फारच. तुमचा मुलगा दुसऱ्या गटात असेल. चांगला खेळला तर एएचएलवाले ट्रायआउट करारावर, म्हणजे चाचणीपुरत्या छोट्या करारावर, वर बोलावतात. त्या कराराची मर्यादा 25 सामने, आणि मधेच कधीही 'परत जा' म्हणता येतं. तेवढे दिवस पगार एएचएलच्या दराने मिळतो. अनेकांच्या वर्षातली खरी कमाई या बोलावण्यांतून होते, म्हणून त्यांचा फोन रात्रीही बंद नसतो.

माझ्याकडे एका वर्षी एक बचावपटू आला. त्याने टेबलावर डब्ल्यू-टूचे, म्हणजे प्रत्येक मालकाकडून मिळणाऱ्या पगाराच्या दाखल्याचे, कागद मांडले: साउथ कॅरोलायना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया. एकाच हंगामात एका संघाने वेव्हरवर सोडलं (म्हणजे हवा त्या संघाने घ्यावा म्हणून मोकळं केलं), दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याकडे ट्रेड, म्हणजे अदलाबदल, झाला. ट्रेडची बातमी आली तेव्हा संघ दौऱ्यावर होता. किटबॅग त्याच्याजवळ, गाडी फ्लॅटखाली आणि कपडे धोब्याकडे. दोन दिवसांत नव्या गावात सामना खेळायचा होता. प्रत्येक राज्याचं वेगळं रिटर्न भरावं लागलं आणि परताव्याची रक्कम ऐकून तो खरंच खूश झाला, कारण उन्हाळ्यात त्याच्याकडे तेवढेच पैसे असणार होते. त्याला या खेळाचा जराही कंटाळा आलेला नव्हता, हेही तुम्हाला सांगायला हवं. पुढच्या सप्टेंबरच्या कॅम्पबद्दल तो माझ्याशी अर्धा तास बोलत बसला.

आता एनएचएलचं. ईसीएचएलमधून वर गेलेल्यांची नावं तुम्हाला कोणीही ऐकवेल. जोनाथन क्विक आमच्या रीडिंगला खेळला आणि 2012 मध्ये लॉस एंजेलिसकडून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा करंडक, जिंकला, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. ब्रेडन होल्टबी साउथ कॅरोलायनातून वर गेला आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनने कप जिंकला तेव्हा गोलमध्ये तोच उभा होता. पण हे दोघेही ड्राफ्ट झालेले होते. त्यांना खाली ठेवलं होतं ते घडवण्यासाठी. तुमच्या मुलाच्या जवळचं उदाहरण अलेक्झांडर बरोजचं. ड्राफ्ट झाला नाही, ईसीएचएलमध्ये बस-प्रवास केला आणि शेवटी एनएचएलमध्ये 900 हून जास्त सामने खेळला. असे फार थोडे. आपल्याकडच्या मुलांना सध्या अर्शदीप बैन्सचं नाव पाठ असतं. कॅनडातल्या सरेचा मुलगा, ड्राफ्ट न झालेला, 2025 मध्ये अ‍ॅबट्सफर्डकडून एएचएलचा करंडक, काल्डर कप, जिंकला आणि व्हँकुव्हरकडून एनएचएलही खेळला. पण करार मिळाला त्या 2021-22 च्या हंगामात त्याने वेस्टर्न हॉकी लीग या कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये सगळ्यांत जास्त गुण केले होते, हे विसरू नका. त्याच्या कितीतरी आधी, 1989 मध्ये, रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनएचएलमध्ये उतरला. त्याचे तिथले सामने 61. बाकी कारकीर्द खालच्या लीगमध्येच गेली आणि मला तो माणूस फार मोठा वाटतो.

खालच्या लीगमध्येच आयुष्य काढायचं म्हटलं तरी आता ते सोपं नाही. विली मार्शल 1952 ते 1972 एएचएल खेळला: 1,205 सामने, 523 गोल. एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला आले 33 सामने. त्याच्या उमेदीत एनएचएलमध्ये संघच सहा, त्यामुळे उत्तम खेळाडूही खाली राहायचे. आज संघ 32 आहेत, पण एएचएलने तरुणांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. गोलकीपर सोडून उतरणाऱ्या 18 जणांत किमान 13 विकसनशील खेळाडू लागतात आणि त्यांतल्या 12 जणांचे व्यावसायिक सामने 260 च्या वर चालत नाहीत. म्हणजे साधारण चार हंगाम पूर्ण केले की खेळाडू अनुभवी ठरतो आणि उरलेल्या पाच जागांसाठी झगडतो. सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी चांगला खेळत असूनही जागा नाही, हे मी जवळून पाहिलंय. फार वाईट वाटतं.

म्हणून माझ्या मते पदवी आधी. मार्चमध्ये संघात गेला तरी मे महिन्यातल्या परीक्षांचं प्राध्यापकांशी आत्ताच बोलून ठेवायला सांगा. मग दोन हंगाम मनापासून खेळू दे. दुसऱ्या हंगामाअखेर एएचएलचं एकही बोलावणं आलं नसेल तर युरोपकडे बघावं. ब्रिटनच्या एलिट लीगमधले काही संघ विद्यापीठांशी जोडलेले आहेत, खेळता खेळता मास्टर्स करता येतं. मला तरी ही वाट ईसीएचएलच्या चौथ्या वर्षापेक्षा कितीतरी चांगली वाटते.

जमलं तर सही करण्याआधी तुम्ही दोघं त्या गावी जाऊन एक सामना बघून या. शनिवारचा बघू नका, तेव्हा स्टेडियम भरलेलं असतं आणि सगळं छान दिसतं. शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन सामने असतील तो आठवडा निवडा आणि रविवारचा बघा. खेळाडूची बर्फावर उतरण्याची एक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची असते. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, पिरियडमध्ये बेंचकडे परतणाऱ्या पोरांचे पाय बघा, आणि पाळी आली की तीच पोरं बर्फाभोवतीच्या फळीवरून परत कशी उडी मारतात तेही बघा. तुमच्या मिस्टरांना मुलाचं म्हणणं तिथे जास्त नीट कळेल.

संघाला विचारायचं ते लेखी विचारा: दुखापत झाली आणि हंगाम संपला तर उपचारांचा खर्च कोण करणार, विमा कोणत्या तारखेपर्यंत, सोडून दिलं तर फ्लॅट किती दिवसांत रिकामा करायचा. एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची संघटना एकच आहे, 1967 पासूनची. तिच्या प्रतिनिधीशी मुलाने स्वतः बोलावं. कराराचा मसुदा हातात आला की नाव-गाव खोडून इथे टाका, कलमं मी वाचून सांगतो.