प्रयोगशाळेतून मुलं का गळतात?

प्रश्न : घरात पहिल्यांदाच शिकणारी बी.एस्सी.ची मुलं संशोधन प्रकल्पाला उत्साहाने येतात, महिन्याभरात गळतात. अमेरिकेतल्या मेयरहॉफ उपक्रमात काय वेगळं करतात? – एक प्राध्यापिका, नंदुरबार

उत्तर : बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) या विद्यापीठात, विज्ञान शिकणाऱ्या मुलांना संशोधनाकडे नेणारा हा उपक्रम १९८८ मध्ये सुरू झाला; १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. आधी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग, मग गटाने अभ्यास आणि जोडीला प्रयोगशाळा. विषयात ‘सी’ ही मधली श्रेणी मिळाली तरी तो विषय पुन्हा करायला सुचवतात.

गळती बहुतेक वेळा न विचारलेल्या प्रश्नातून होते. मायक्रोपिपेटच घ्या, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं बटणाचं उपकरण. द्रव ओढताना बटण पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचं. दुसऱ्यापर्यंत दाबलं की माप जास्त येतं, प्रयोग फसतो आणि मूल ‘मला जमत नाही’ म्हणून येणंच सोडतं. पहिला आठवडा नुसतं पाणी तोलू द्या : १०० मायक्रोलिटरचं वजन ०.१ ग्रॅम भरायला हवं.

आठवड्याला अर्धा तास, वही उघडून बसा. ही भेटच सगळ्यांत आधी बुडते (तुमचीही बुडेल!), म्हणून एम.एस्सी.ची एखादी ताई जोडून द्या. मानधनाची सोय आधी करा. सुट्टीत मजुरीला जाणारं मूल दोन महिने फुकट येऊ शकत नाही.