'सा'ची जपानी गाणी जमवायला लागलात, तर आधी एवढं करा

'सा'ने सुरू होणारी जपानी गाणी जमवताय हे ऐकून फार बरं वाटलं. अक्षरही छान निवडलंत. नुसत्या 'साकुरा' या नावाची गाणीच ढीगभर निघतील! पारंपरिक 'साकुरा साकुरा' वेगळं, मोरियामा नाओतारोचं २००३ सालचं 'साकुरा' वेगळं. त्यामुळे गाण्यापुढे गायक आणि साल पहिल्यापासून लिहीत चला. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं.

नवीन लोक हमखास अडकतात ते इथे:

- परदेशात गाजलेलं नाव धरून शोधणं. 'सुकियाकी' जपानी यादीत 'सु'खाली शोधत बसू नका. साकामोतो क्यूचं ते १९६१ सालचं गाणं मुळात 'उए ओ मुइते आरुको' आहे, म्हणून ते 'उ'मध्ये. १९६३ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ते मात्र 'सुकियाकी' या नावाने.
- इंग्रजी शीर्षकं वगळणं. जपानी उच्चाराप्रमाणे त्यांनाही जागा असते. योनेझु केन्शीचं 'लेमन' 'रे'खाली येतं.
- रोमन स्पेलिंगवर विसंबणं. एकच अक्षर कुणी 'शि' लिहितं, कुणी 'सि'.

यावर उपाय एकच, हिरागाना ही उच्चारानुसार लिहायची जपानी लिपी शिका. आ, का, सा, ता, ना, हा, मा हा क्रम आपल्याला ओळखीचाच वाटेल, कारण त्यामागे संस्कृत वर्णमालेचा अभ्यास आहे. रोज एक ओळ गिरवा, लवकर जमेल.

कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं, सध्या राहू द्या. कांजीवर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, छापलेली असतील तीच शीर्षकं आधी घ्या.