एआयला काम सांगायचं कसं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड किंवा कोपायलट यांपैकी काहीही वापरत असाल, तरी उत्तरं सगळ्यांना लागू पडतील. सहायकाला आपण जी सूचना लिहून देतो तिला सगळेच ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. ‘पाणी बंद राहणार असल्याची सूचना लिहून दे’ असं सांगितलं की दीड पानाचं गोडगोड पत्र येतं. त्यात न ठरलेल्या तारखा आणि दंडाची धमकीही असते. सगळं खोडून मलाच पुन्हा लिहावं लागतं. मग उपयोग काय? (इंदिरानगर)

तुम्ही एक ओळ दिलीत, बाकीचं पान त्याने अंदाजाने भरलं. हे सहायक आधीच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येणं संभवतं हे ठरवत लिहितात. सोसायटीच्या सूचनांमध्ये सहसा तारीख असते, दंड असतो, ‘सहकार्याची अपेक्षा’ असते, म्हणून तेही आलं. तुमच्या इमारतीत काय ठरलंय हे त्याला कळायला मार्ग नाही. तेव्हा मजकूर तुम्ही पुरवायचा आणि त्याच्याकडून फक्त मांडणी करून घ्यायची. असं लिहून पाहा:

“मी ४८ सदनिकांच्या संस्थेचा सचिव आहे. सूचनाफलकासाठी आणि व्हॉट्सॲप गटासाठी सूचना हवी आहे. वाचणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक जास्त आहेत. मजकूर एवढाच: या रविवारी गच्चीवरच्या टाक्यांची सफाई. सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवावं. दुपारी २ नंतर सुरुवातीचं गढूळ पाणी वाहू द्यावं, ते पिण्यासाठी भरू नये. ८० शब्दांच्या आत लिही. पहिल्या ओळीत वार आणि वेळ हवी. मी न दिलेली तारीख, नियम, दंड घालू नकोस. काही कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार.”

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. ‘घालू नकोस’ म्हटल्याने मनाने भर घालणं बरंच कमी होतं. ‘आधी विचार’ म्हटल्यावर बहुतेक वेळा तो खरोखरच विचारतो, की रविवारची तारीख कोणती, टँकरची सोय आहे का. शब्दमर्यादाही आकड्यातच द्या. ‘थोडक्यात’ म्हटलं तर त्याचं थोडक्यातही दोनशे शब्दांचं असतं.

एका बाबतीत मात्र फार जपा. उपविधीचं कलम किंवा सभेच्या नोटिशीची मुदत त्याला विचारू नका. तो कलमाचा क्रमांक ठामपणे सांगेल आणि तो चुकीचा असू शकेल. संस्थेच्या उपविधींची प्रत काढा, संबंधित परिच्छेद त्याला जसाच्या तसा द्या आणि ‘फक्त या परिच्छेदाच्या आधारे’ नोटिशीचा मसुदा मागा. उपविधीत ‘पूर्ण दिवस’ अशी मुदत असेल तर नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही मोजायचे नसतात. ही मोजणी कॅलेंडर समोर घेऊन हातानेच करा.

प्रश्न : शाळेच्या कार्यालयात काम करते. त्याचं मराठी वाचवत नाही. शिवाय आमची जुनी परिपत्रकं त्यात टाकली की अगम्य उत्तरं येतात. (नाशिकरोड)

दुसरी तक्रार आधी घेऊ, कारण तिचं कारण वेगळं आहे. जुनी परिपत्रकं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. मजकूर कॉपी करून चिकटवला की सहायकाला तोच कचरा दिसतो आणि त्यातून तो काहीतरी अर्थ लावत बसतो. ओळखायचं कसं? मजकूर मोबाइलवर स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. वाचता आला तर तो युनिकोड आहे, म्हणजे कोणत्याही फोन-संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीने साठवलेला. नाही आला, तर आधी त्या फॉन्टच्या परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, नाहीतर पानाचा स्वच्छ, सरळ फोटो द्या. फोटो दिलात तर ‘आधी मजकूर जसाच्या तसा उतरवून दाखव’ असं सांगा आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहा. देवनागरीतले १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत ठरलेली, विशेषतः पुसट छपाईत.

आता भाषेबद्दल. ‘औपचारिक मराठीत लिही’ म्हटलं की ‘सुनिश्चित करावे’, ‘च्या माध्यमातून’, ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ असली वाक्यं येतात. त्यांत अर्धी हिंदीची छाया असते, अर्धी इंग्रजीची. यावर नमुना देण्याइतका चांगला उपाय नाही. तुमच्या शाळेची चांगली उतरलेली दोन-तीन पत्रं निवडा, नावं काढून टाका, ती प्रॉम्प्टमध्ये घाला आणि सांगा, ‘याच वळणाने, याच लांबीच्या वाक्यांत लिही.’ खाली नको असलेल्या शब्दांची यादी जोडा. खटकलेला शब्द त्या यादीत टाकत गेलात तर महिन्याभरात यादी उत्तम तयार होते. नमुन्यातली शाळेची तपशीलवार माहिती नव्या पत्रात शिरली नाही ना, एवढं फक्त पाहा.

प्रॉम्प्ट मराठीत लिहा की इंग्रजीत, हा प्रश्नही बऱ्याच जणांना पडतो. उत्तर मराठीत हवं असेल तर मराठीतच लिहा. बोलताना येतात तसे ‘फॉरमॅट’, ‘टेबल’ हे शब्द आले तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) विभागात शिफ्ट सुपरवायझर आहे. रोजचा शिफ्ट रिपोर्ट आणि रिजेक्शनचं विश्लेषण यात तास जातो. एआयकडून करून घेतलं तर साहेबांनी आकडे चुकल्याचं दाखवलं. (सातपूर औद्योगिक वसाहत)

आकड्यांची बेरीज-टक्केवारी त्याच्याकडून तोंडी करून घेऊ नका. लांब यादी असली की तो एखादी ओळ गाळतो आणि उत्तर तरीही नेटकं दिसतं. त्याच्याकडून एक्सेलचं सूत्र घ्या. ‘A स्तंभात तयार नग, B स्तंभात रिजेक्ट नग, C स्तंभात टक्केवारी हवी, तयार नग शून्य असतील तर रकाना रिकामा राहू दे’ असं सांगितलं की सूत्र मिळतं. हिशोब मग एक्सेल करतं. सूत्र पहिल्यांदा वापरताना ज्याचं उत्तर माहीत आहे अशी एक ओळ घाला. उदाहरणार्थ १,२४० नगांत ३१ रिजेक्ट, म्हणजे बरोबर २.५ टक्के यायला हवेत. ते आले की पुढचा महिना बिनधास्त वापरा.

रिपोर्टच्या मजकुरासाठी एक साचा कायमचा ठरवून मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा: मशीन क्रमांक, पार्ट, तयार, रिजेक्ट, बंद वेळ मिनिटांत, कारण, केलेला उपाय, पुढच्या शिफ्टसाठी निरोप. शिफ्ट संपताना दोन मिनिटं बोलून टाइप करा, कसंही तुटक चालेल, आणि साच्याखाली चिकटवा. सोबत एक वाक्य: ‘ज्या रकान्याची माहिती मी दिली नाही तिथे “नोंद नाही” असं लिही.’ हे वाक्य नसेल तर बंद वेळेच्या रकान्यात कुठून तरी १५ मिनिटं येऊन बसतात. रोज नवीन चॅट उघडा. कालच्याच चॅटमध्ये पुढे लिहीत गेलं की कालचा मशीन क्रमांक आजच्या रिपोर्टमध्ये उतरतो.

रिजेक्शनच्या विश्लेषणात मोठा धोका आहे. ‘फाइव्ह व्हाय’ म्हणजे पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण गाठायची पद्धत, आणि ‘बोअर ओव्हरसाइझ’ म्हणजे पार्टमधलं भोक मापापेक्षा मोठं. ‘बोअर ओव्हरसाइझ, फाइव्ह व्हाय करून दे’ असं म्हणालात की पाच ‘का’ आणि पाच उत्तरं तयार मिळतात आणि शेवटचं उत्तर हमखास ‘ऑपरेटरचं प्रशिक्षण अपुरं’ असतं. मशीनपाशी कोणी न जाता ठरलेलं हे कारण आहे. भूमिका उलटी करा:

“तू मला एका वेळी एकच ‘का’ विचार. मी उत्तर दिल्यावर त्याचा पुरावा काय हे विचार. पुरावा नसेल तर त्या पायरीवर ‘तपासायचं’ अशी खूण कर आणि पुढे जाऊ नको. कारण तू सुचवू नकोस.”

आता पाहा काय होतं. बोअर मोठं का? इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) बदलल्यानंतरचेच नग मोठे आहेत. पुरावा? मोजमापाच्या तक्त्यातल्या वेळा. इन्सर्ट बदलल्यावर मोठं का? टोक झिजतं तसं बोअर लहान होत जातं, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट (झिजेच्या भरपाईसाठी मशीनला दिलेला आकडा) वाढवत गेला होता, आणि नवीन इन्सर्ट लावल्यावर तो शून्य केला नाही. का नाही केला? टूल बदलाच्या चेकलिस्टमध्ये ती ओळच नाही. इथे हातात काहीतरी लागलं. चेकलिस्टमध्ये ओळ वाढवता येते, ‘प्रशिक्षण अपुरं’ वर काय करणार?

ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट क्रमांक, ग्राहकाचं नाव कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही सहायकात टाकू नका. वरच्या कामाला त्यातलं काही लागतही नाही.

प्रश्न : द्राक्षबाग आहे. फवारणीचं प्रमाण आणि वेळापत्रक एआयला विचारलं तर चालेल का? (निफाड तालुका)

कोणतं औषध, किती प्रमाणात, हे विचारू नका. औषधाच्या लेबलवरचं प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) हाच आधार. निर्यातीचा माल असेल तर फळात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांच्या मर्यादांचा प्रश्न येतो आणि तिथे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहायच्या. सहायकाकडे जुनी माहिती असू शकते, दुसऱ्या देशातली असू शकते, दुसऱ्या पिकाचीही असू शकते. केवडा आणि भुरी या दोन वेगळ्या रोगांत त्याचा घोळ झाला तर नुकसान बागेचं होतं.

हिशोबाला आणि नोंदींना तो चांगला आहे, पण तिथेही अर्धवट माहिती दिली की फसायला होतं. जीएचं (जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचं) उदाहरण घ्या. आकडे फक्त हिशोबासाठी आहेत, ही शिफारस नव्हे. २० पीपीएमचं २०० लिटर द्रावण करायचं. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणून २० गुणिले २०० म्हणजे ४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम. बरेचदा सहायक इथेच थांबतो. पण हे ४ ग्रॅम शुद्ध घटकाचे झाले. पाकिटावर ४० टक्के लिहिलं असेल तर पावडर १० ग्रॅम लागेल. टक्केवारी तुम्ही सांगितली नाहीत तर तो विचारेलच असं नाही, आणि फवारणी निम्म्याहूनही कमी तीव्रतेची होईल. म्हणून प्रॉम्प्टमध्ये तीन आकडे द्यायचेच: हवं ते पीपीएम, पाण्याचे लिटर, पाकिटावरची टक्केवारी. ‘पायऱ्या दाखव’ असंही लिहा, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसतं.

दिवस मोजायलाही त्याला लावू नका. १२ डिसेंबरची फवारणी आणि ९ फेब्रुवारीची काढणी यांत ५९ दिवस होतात. तो कधी ५८ सांगतो, कधी ६०. एक्सेलमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली की काम झालं.

नोंदवहीसाठी बागेत उभं राहूनच बोलून टाइप करा: प्लॉट, तारीख, गोडी छाटणीनंतरचा (फळांसाठीच्या छाटणीनंतरचा) दिवस, औषध, प्रमाण, पाणी, कारण. बोलून टाइप करताना औषधांची नावं हमखास बिघडतात. तेव्हा तुम्ही वापरता त्या सगळ्या औषधांची अचूक नावं प्रॉम्प्टच्या वर कायम लिहून ठेवा आणि सांगा, ‘नाव या यादीतलंच असेल. जुळत नसेल तर विचार.’

प्रश्न : कर सल्लागाराच्या कार्यालयात आहे. पक्षकारांना पाठवायची पत्रं एआयकडून लिहून घेताना त्यांची माहिती टाकली तर चालेल का? (शरणपूर रोड)

नाव, पॅन, आधार, बँक खातं, मोबाइल यांतलं काहीच टाकू नका. आधी वर्डमध्येच ‘शोधा आणि बदला’ वापरून ‘पक्षकार-१’, ‘रक्कम-१’ असं करा, मसुदा तयार झाला की खरी माहिती परत घाला. बरेच जण पॅन झाकतात आणि जीएसटी क्रमांक तसाच ठेवतात. त्या पंधरा अक्षरांत पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, आणि पुढची दहा म्हणजे तोच पॅन. दोन्ही झाका. ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या गप्पा प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, पण त्याच्या भरवशावर झाकणं सोडू नका.

प्रश्न : पंचवटीत छोटं लॉज आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी हिंदी, गुजराती, तेलुगूत चौकशा येऊ लागल्या आहेत. उत्तरं एआयकडून लिहून घेतो, पण तेलुगू मला वाचता येत नाही. (पंचवटी)

एका पानावर माहिती पक्की करा: खोल्या किती, एका खोलीत किती माणसं, खोली मिळण्याची आणि सोडण्याची वेळ, जेवणाची सोय आहे की नाही, गाडी कुठवर येते, रामकुंडापर्यंत चालत किती मिनिटं. प्रत्येक वेळी ते पान प्रॉम्प्टमध्ये द्या आणि ‘यात नसलेल्या प्रश्नाला “फोन करून सांगतो” एवढंच उत्तर दे’ असं सांगा. दर त्याला कधीही लिहू देऊ नका. तो आकडा स्वतः, शेवटी, हाताने टाका.

तेलुगू उत्तर पाठवण्याआधी ते कॉपी करून नव्या, कोऱ्या चॅटमध्ये चिकटवा आणि ‘याचं मराठीत शब्दशः भाषांतर कर’ म्हणा. त्याच चॅटमध्ये विचारलंत तर तो आधीचं मराठी आठवून तेच परत देईल आणि चूक झाकली जाईल. कोऱ्या चॅटमध्ये ‘दुपारी १२ ला खोली मिळेल’चं ‘रात्री १२’ झालं असेल तर ते पाहुणा स्टेशनवर उतरण्याआधीच कळेल.